ओसरी, देऊळ, चावडी, खोली : सोलापूरकडच्या खेड्यातील शाळेची जागा

खेड्यातील प्राथमिक शाळेचा इतिहास बहुधा कायदे, आयोग आणि अहवाल यांच्या क्रमाने सांगितला जातो. तो क्रम चुकीचा नाही; पण त्यात शाळा प्रत्यक्ष बसत होती कुठे, हा साधा प्रश्न मागे पडतो. एकोणिसाव्या शतकात सोलापूर जिल्ह्यातील बहुतेक खेड्यांत शाळेला स्वतःचे छप्पर नव्हते. ती एखाद्या वाड्याच्या ओसरीवर, मारुतीच्या देवळात, चावडीत किंवा धर्मशाळेत भरत असे, आणि ज्या जागेत ती भरे त्या जागेचे रीतिरिवाज शाळेलाही लागू होत. ओसरीवर कोणी चढायचे, देवळात कोणी शिरायचे आणि चावडीत कोणी कुठे बसायचे हे गावाने आधीच ठरवलेले असल्यामुळे शाळेत कोणी शिकायचे याचा निर्णय पंतोजीपर्यंत किंवा सरकारी मास्तरापर्यंत पोचण्याआधीच झालेला असे. या प्रदेशातील शाळेचा इतिहास म्हणजे पुष्कळ अंशी शाळेला गावापासून वेगळी, कोणाच्याही उपकाराची नसलेली जागा मिळण्याचा इतिहास आहे. तो अभ्यासक्रमाच्या इतिहासापेक्षा सावकाश घडला आणि सर्वत्र सारख्या गतीने घडला नाही.

सोलापूरचा मुलूख कोरडा. भीमा आणि सीना या नद्यांच्या काठची काळी जमीन सोडली तर पावसावर भरवसा ठेवण्यासारखी स्थिती नसे. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर आणि मंगळवेढा या बाजूंना कन्नड घराघरांत बोलली जाते. खुद्द शहराच्या पूर्व भागात, भवानी पेठ, साखर पेठ अशा पेठांमध्ये, तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची तेलुगू रुजली, आणि उर्दू तर शहरात व अनेक मोठ्या गावांत होतीच. त्यामुळे येथील शाळेपुढे जागेच्या प्रश्नाबरोबर भाषेचा प्रश्नही पहिल्यापासून उभा होता. पुढे सोलापूर महापालिकेला मराठी, उर्दू, कन्नड आणि तेलुगू अशा चार माध्यमांच्या शाळा चालवाव्या लागल्या, त्याचे कारण या वस्तीच्या घडणीत आहे.

इंग्रजी अंमल येण्यापूर्वीची शाळा ही पंतोजीची शाळा होती. पंतोजी म्हणजे गावातील मुलांना लिहिणे, वाचणे व हिशेब शिकवून त्यावर पोट भरणारा शिक्षक. तो बहुधा ब्राह्मण असे, पण वतनदार नसे. कुलकर्णी, जोशी, सुतार, लोहार यांना गावगाड्यात ठरलेला हक्क होता. पंतोजीला तसा हक्क नव्हता, आणि हे त्याच्या शाळेचे स्वरूप समजण्यासाठी महत्त्वाचे आहे. मुलांच्या घरून मिळणारे धान्य, सणावाराचा शिधा आणि थोडे रोख पैसे यांवर त्याचा संसार चाले. गावात चार खात्यापित्या घरांची मुले असली की शाळा उभी राही, दुष्काळ पडला की ती मोडे, आणि पंतोजी दुसऱ्या गावी जाऊन तेथल्या एखाद्या पाटलाच्या किंवा सावकाराच्या ओसरीवर पुन्हा नवी शाळा मांडे. त्यामुळे अमुक गावात शाळा अमुक वर्षापासून आहे असे या काळाविषयी सांगणे कठीण असते.

या शाळेत पहिले अक्षर धूळपाटीवर काढले जाई. धूळपाटी म्हणजे लाकडी फळीवर बारीक धूळ किंवा रंगीत भुकटी पसरून तयार केलेली पाटी. तिच्यावर काडीने अक्षर काढायचे, ते गिरवायचे आणि फळी हलवून पुसून टाकायचे. हात वळल्यावर बोरू, शाई आणि कागद यांची पाळी येई व मुलगा मोडीचा कित्ता गिरवू लागे. मोडी ही जलद लिहिण्याची वळणदार लिपी होती आणि सरकारी दप्तर, सावकारी वह्या व खाजगी पत्रे तिच्यातच लिहिली जात. पोथ्यांची लिपी बालबोध, म्हणजे देवनागरी, तिचा या शाळेशी संबंध बेताचाच येई. गणिताचा भाग त्याहून मोठा असे. पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे अनुक्रमे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन यांचे पाढे मुलांना तोंडपाठ करावे लागत, आणि संध्याकाळी शाळा सुटण्यापूर्वी सगळी मुले एका सुरात त्यांची उजळणी करीत. आज हे पाठांतर निरर्थक वाटते. परंतु रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि मणाचे चाळीस शेर असलेल्या व्यवहारात ज्याला औटकी येत होती त्याला बाजारात किंवा सावकाराच्या पेढीवर कोणी सहजासहजी फसवू शकत नव्हते. पंतोजीच्या शिक्षणाची थट्टा करणाऱ्यांनी या हिशेबी बाजूकडे क्वचितच नीट पाहिले आहे. शिक्षा मात्र खरोखरच कठोर होत्या. छडी आणि अंगठे धरून उभे राहणे हे त्यांतले सौम्य प्रकार होत.

१८१८ च्या मे महिन्यात सोलापूरचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. त्यानंतरच्या दशकात मुंबई सरकारने आपल्या मुलखातील देशी शाळांची जी मोजदाद करविली, तिच्यात सुमारे १,७०० शाळा व सुमारे ३५,००० विद्यार्थी आढळले, आणि त्या वेळी इलाख्याची लोकसंख्या सुमारे ४७ लाख धरली जात होती. ही कागदपत्रे पुढे रा. वि. परुळेकर यांनी संपादित करून १९५१ मध्ये प्रसिद्ध केली. या आकड्यांचा वापर दोन्ही बाजूंनी होत आला आहे. इंग्रजांपूर्वी गावोगावी शाळा होत्या असे काहींनी त्यांवरून दाखविले, तर शाळा किती थोड्या होत्या असे इतरांनी दाखविले. दोन्ही निष्कर्षांत तथ्य आहे, पण ती मोजणी ओसरीवर बसलेल्यांची होती. ज्यांना ओसरीवर जागाच नव्हती असे महार, मांग, चांभार, त्याचप्रमाणे जवळजवळ सर्व मुली, तिच्यात येण्याचा प्रश्नच नव्हता. कुणब्यांची मुले येत, पण थोडी, आणि पेरणी-सुगीच्या दिवसांत तीही गळत.

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा गव्हर्नर असताना, १८२० च्या दशकात, लोकभाषांतून शिक्षण देण्याचे धोरण मुंबई इलाख्यात मांडले गेले. १८२२ च्या सुमारास स्थापन झालेली आणि पुढे बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने ओळखली गेलेली संस्था पुस्तके तयार करू लागली, आणि जॉर्ज जर्व्हिस याच्या देखरेखीखाली तयार झालेल्या शिक्षकांची पहिली तुकडी १८२६ मध्ये मुंबईहून जिल्ह्यांत पाठविण्यात आली. या शिक्षकांबरोबर छापील पुस्तक प्रथमच खेड्याच्या वाटेला लागले. दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण १८३६ मध्ये आले. पुढे मेजर टॉमस कँडी याच्या देखरेखीखाली क्रमिक पुस्तकांची मालिका तयार झाली. छापील पुस्तक बालबोध लिपीत असल्यामुळे मोडी हळूहळू दुय्यम झाली, आणि मुलाला घरच्या वहीपेक्षा सरकारी पुस्तकाची लिपी अधिक सरावाची होऊ लागली. पंतोजी पाठांतरावर चालत असे. सरकारी मास्तराला पुस्तक, हजेरी आणि तपासनीस यांच्या जोरावर चालावे लागे.

तरीही शाळेच्या जागेचा प्रश्न सुटला नव्हता, कारण पैसा कोणाचा हे ठरले नव्हते. १८५० च्या दशकात सरकारने अर्ध्या खर्चाची एक योजना आणली. गावाने शाळेसाठी जागा द्यावी आणि शिक्षकाच्या पगाराचा अर्धा वाटा उचलावा, बाकीचा अर्धा सरकार देईल, असे तिचे स्वरूप होते. कागदावर ही योजना न्याय्य दिसते, पण गावाने म्हणजे कोणी हा प्रश्न तिने गृहीत धरला होता. व्यवहारात गाव म्हणजे वाडेवाले. त्यांनी जागा दिली, वर्गणीचा पहिला हप्ता दिला, आणि पीक बुडाल्यावर तीच वर्गणी थकली. मुंबई सरकारला ही पद्धत लवकरच गुंडाळावी लागली. १८६३ च्या सुमारास तिच्या जागी लोकल फंडाची पट्टी आली. शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा जादा घ्यायचा, त्यातील दोन तृतीयांश रस्त्यांसारख्या कामांवर आणि एक तृतीयांश शाळांवर खर्च करायचा, असा तिचा हिशेब होता; १८६९ च्या कायद्याने तिला पक्के रूप मिळाले. या घटनेचे महत्त्व शिक्षणखात्याच्या इतिहासांत पुरेसे सांगितले जात नाही. पट्टी सर्व खातेदारांकडून वसूल होऊ लागली, म्हणजे ज्याचे मूल शाळेत जात होते त्याच्याकडूनही आणि ज्याचे जात नव्हते त्याच्याकडूनही. तोपर्यंत शाळा ज्याच्या ओसरीवर असे त्याची ती असे. आता ती निदान तत्त्वतः साऱ्या रयतेची झाली.

तत्त्व आणि व्यवहार यांतील हे अंतर जोतीराव फुले यांनी शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे १८८२ मध्ये दिलेल्या निवेदनात नेमके पकडले. रयतेच्या पट्टीतून आणि साऱ्यातून जमणारा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो, खेड्यातील शाळा थोड्या आणि निकृष्ट आहेत, शिक्षक बहुतेक ब्राह्मण असून त्यांना शेतकऱ्यांच्या मुलांविषयी आस्था नाही, असे त्यांचे म्हणणे होते. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, शिक्षक शक्य तेथे शेतकरी वर्गातून घेऊन प्रशिक्षित करावेत, त्यांना बारा रुपयांपेक्षा कमी पगार देऊ नये, आणि मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, शेतीचे प्राथमिक ज्ञान व आरोग्य हे विषय शिकवावेत अशा सूचना त्यांनी केल्या. फुले पुण्याचे, पण त्यांनी ज्या रयतेचे वर्णन केले ती सोलापुरातही होती. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने हा जिल्हा नुकताच होरपळून निघाला होता, आणि ज्या घरांतील बैल विकले गेले त्यांच्याकडून शाळेच्या पट्टीची अपेक्षा सरकार करीत होते. हंटर आयोगानंतर, १८८४ च्या कायद्याने स्थापन झालेल्या लोकल बोर्डांकडे खेड्यांतील शाळांचा कारभार गेला. तेव्हापासून दीर्घकाळ या शाळेला गावकरी बोर्डाची शाळाच म्हणत.

बोर्डाची शाळा असली तरी ती बहुधा भाड्याच्या किंवा फुकटच्या जागेत भरे, आणि येथे जातीचा प्रश्न थेट समोर येतो. जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारण्यात आला होता. त्या प्रकरणानंतर सरकारी शाळा सर्वांना खुल्या असाव्यात हे तत्त्व वरच्या पातळीवर मान्य झाले. पण तत्त्व मान्य करणाऱ्या सरकारची शाळा जर मारुतीच्या देवळाच्या मंडपात भरत असेल, तर त्या तत्त्वाला देवळाच्या पायरीशीच थांबावे लागे. अस्पृश्य मुले बाहेर, उन्हात किंवा दाराशी बसत. त्यांची पाटी मास्तर दुरून पाहत, आणि त्यांनी पाणी मागितले तर वरून ओतावे लागे. मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी मांडलेला आणि ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर झालेला ठराव चवदार तळ्याच्या संदर्भात प्रसिद्ध आहे, पण त्यात पाणवठे आणि धर्मशाळा यांच्याबरोबर शाळांचाही उल्लेख आहे, आणि धर्मशाळेत भरणाऱ्या शाळेच्या बाबतीत हे दोन्ही उल्लेख एकच ठरत होते. ओ. एच. बी. स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखालील समितीने, जिचे डॉ. आंबेडकर सदस्य होते, १९३० मध्ये अस्पृश्य व आदिवासी यांच्या स्थितीविषयी जो अहवाल दिला, त्याचा कल वेगळ्या शाळांपेक्षा सर्वांच्या एकत्र शाळांकडे होता. मात्र एकत्र शाळेसाठी आधी अशी खोली हवी, जिच्यावर देवाचा किंवा वाड्याचा हक्क नाही. म्हणून शाळेच्या स्वतंत्र इमारतीचा प्रश्न केवळ सोयीचा नव्हता, असे म्हणावे लागते.

बोर्डाच्या काळातील नमुनेदार शाळा एकशिक्षकी असे. एकच मास्तर बिगरी, म्हणजे पहिलीच्या आधीचा अक्षर-ओळखीचा वर्ग, आणि त्यावरच्या तीन-चार इयत्ता एकाच जागेत चालवी. मोठी मुले लहानांना पाढे म्हणवून घेत आणि मास्तर मधल्या वेळात वरच्या वर्गाचे गणित तपाशी. एकाच शिक्षकाने मोठ्या मुलांच्या मदतीने अनेक इयत्ता शिकवण्याची ही पद्धत पंतोजीकडूनच वारशाने आलेली होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासमध्ये अँड्र्यू बेल याने अशीच पद्धत उचलून इंग्लंडात नेली आणि तिचा तेथे मोठा गाजावाजा झाला, हा योगायोग मनोरंजक आहे. मास्तराच्या कामाचा बोजा शाळेपुरताही नसे. अनेक गावांत टपालाची पिशवी त्याच्याकडेच येई, पत्रे वाचून दाखवणे आणि लिहून देणे हे ओघानेच आले, आणि शिरगणतीच्या वर्षी घरोघर फिरणेही आले. वर्षातून एकदा डेप्युटी, म्हणजे शिक्षणखात्याचा तपासनीस, येई. त्याच्या आगमनाच्या आधी शाळा सारवली जाई, गैरहजर मुलांना शेतातून ओढून आणले जाई, आणि त्याने शेरेबुकात काय लिहिले यावर मास्तराची बदली व बढती अवलंबून असे. सातवीनंतरची मराठी फायनल ही परीक्षा जो उत्तीर्ण होई त्याला मास्तर किंवा तलाठी होता येई, आणि खेड्यातून बाहेर पडण्याचा तो पहिला दरवाजा होता.

या शाळेने निर्माण केलेला सर्वांत टिकाऊ दस्तऐवज म्हणजे जनरल रजिस्टर, म्हणजे प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक मुलाचे नाव, जात, जन्मतारीख आणि शाळा सोडल्याची तारीख नोंदवणारी मोठी वही. पालकांना जन्मतारीख ठाऊक नसे. मूल कोणत्या दुष्काळात किंवा कोणत्या जत्रेच्या आधी झाले एवढेच ते सांगत, आणि मास्तर मुलाचा हात डोक्यावरून दुसऱ्या कानाला पोचतो का ते पाहून वयाचा अंदाज बांधी व जून महिन्याची पहिली तारीख टाकी. महाराष्ट्रातील एका मोठ्या पिढीचा वाढदिवस अशा रीतीने १ जून झाला. याच वहीतील जातीची नोंद आज जात पडताळणीच्या प्रकरणांत पुरावा म्हणून काढली जाते. मास्तराने घाईत लिहिलेल्या एका शब्दावर पुढच्या पिढीचे प्रवेश आणि नोकऱ्या ठरतात, याची कल्पना त्याला असणे शक्यच नव्हते.

शहरातील चित्र वेगळे दिसते, पण तेथेही जागा आणि काम यांचाच अडसर होता. सोलापूरची नगरपालिका १८५२ ची. जुनी गिरणी म्हणून ओळखली जाणारी सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग ही पहिली मोठी कापड गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली. दुष्काळाने उठलेली खेड्यांतील माणसे गिरणगावात आली आणि भवानी पेठेसारख्या पेठांत हातमागाच्या खटखटाटात राहणाऱ्या विणकरांच्या शेजारी वसली. विणकराच्या घरात माग आणि माणसे एकाच खोलीत असत, आणि बाप विणी तेव्हा मुले कांड्या भरीत, म्हणजे धोट्यात बसवायच्या लहान नळ्यांवर सूत गुंडाळीत. गिरणीतील मुलांना निदान कायद्याचे संरक्षण मिळत गेले. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालील, १८९१ च्या कायद्याने नऊ वर्षांखालील आणि १९२२ च्या कायद्याने बारा वर्षांखालील मुलांना गिरणीत काम करण्यास बंदी झाली आणि अर्धवेळ काम, अर्धवेळ शाळा असा एक वर्ग तयार झाला. हातमागाच्या घराला यातला कोणताही कायदा लागू नव्हता. खेड्यात गुरे राखणारा मुलगा आणि पेठेत कांड्या भरणारी मुलगी यांची शाळेतील गैरहजेरी म्हणूनच एकाच स्वरूपाची होती. एकाची हजेरी पावसावर आणि दुसरीची कापडाच्या मागणीवर हेलकावे खाई. शहराला लागून असलेल्या सेटलमेंटची गोष्ट याहून निराळी. गुन्हेगार ठरविलेल्या जमातींना तारेच्या कुंपणात डांबणाऱ्या या वसाहतीत शाळा होती, पण ती सुटकेची वाट नव्हे, तर नियंत्रणाचा भाग होती. त्यामागचा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला.

जिल्ह्याच्या पूर्वेकडील हद्दीपलीकडे निजामाचा मुलूख सुरू होई. तेथे वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू असल्याने मराठी घरांतील मुलांना शिकायचे झाल्यास बार्शी किंवा सोलापूर गाठावे लागे, आणि म्हणून सोलापूरच्या शाळांचा इतिहास जिल्ह्याच्या हद्दीत मावत नाही. याच सीमेवरील तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगा या लहान गावी १९२१ मध्ये एक राष्ट्रीय शाळा निघाली. असहकाराच्या लाटेत अशा पुष्कळ शाळा निघाल्या आणि विझल्या, पण ही टिकली, कारण तिच्यामागे संस्थानी सरकारच्या शाळेला पर्याय देण्याची स्थानिक निकड होती. व्यंकटेश खेडगीकर हे तेथे मुख्याध्यापक म्हणून आले आणि पुढे संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाले. १९३५ मध्ये ते अंबाजोगाईला गेले आणि हैदराबाद मुक्तिलढ्याचे नेते ठरले. खेड्यातील एका शाळेतून राज्य उलथविणारे नेतृत्व निघाल्याचे हे उदाहरण अपवादात्मक आहे. त्यावरून सर्व खेडवळ शाळांना क्रांतीची केंद्रे ठरविणे योग्य नाही.

ब्रिटिश मुलखात या काळात बदल अधिक कारकुनी रीतीने झाले. विठ्ठलभाई पटेल यांच्या पुढाकाराने झालेल्या १९१८ च्या कायद्याने नगरपालिकांना सक्तीचे शिक्षण सुरू करण्याची मुभा दिली, आणि १९२३ च्या कायद्याने शाळांचा कारभार लोकल बोर्डांच्या स्वतंत्र शालेय समित्यांकडे गेला. १९३७ मध्ये आलेल्या बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने शाळा नसलेल्या गावांसाठी व्हॉलंटरी शाळांची योजना काढली. स्थानिक संस्थेने किंवा व्यक्तीने शाळा चालवावी आणि सरकारने अनुदान द्यावे, असा तिचा आराखडा होता. या योजनेचा सर्वांत मोठा उपयोग कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेने केला. तिने सातारा आणि आसपासच्या भागांत पाचशेहून अधिक अशा शाळा काढल्या. अर्ध्या खर्चाची १८५० च्या दशकातील योजना फसली आणि ही पुष्कळ अंशी यशस्वी झाली, यामागचे कारण पैशात शोधण्यापेक्षा गावात पुढाकार घेणारा माणूस कोण होता यात शोधले पाहिजे. पहिल्या वेळी तो वाडेवाला होता, दुसऱ्या वेळी बहुजन समाजातील शिकलेला तरुण.

स्वातंत्र्यानंतर १९४७ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा. बोर्डाची शाळा जिल्हा परिषदेची, लोकांच्या तोंडी झेडपीची, झाली आणि लोकवर्गणीतून व श्रमदानातून खोल्या बांधण्याचे काम खऱ्या अर्थाने या काळात गावोगावी झाले. दगडी भिंतीच्या, पत्र्याच्या किंवा कौलांच्या दोन खोल्या आणि पुढे पडवी हा तिचा ओळखीचा नकाशा. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि पावकी-निमकीचे पाढे पाहता पाहता आजोबांच्या आठवणीत गेले. मोडीही शाळेतून गेली. २७ जानेवारी १९६७ रोजी बालभारतीची स्थापना झाल्यावर राज्यभरातील मुलांच्या हाती एकच पाठ्यपुस्तक आले. गावाच्या सत्तेखालून शाळा सुटली, पण जातीच्या रेघा एका पिढीत पुसल्या गेल्या नाहीत. अक्कलकोट तालुक्यातील हन्नूर येथे वाढलेल्या शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ हे आत्मकथन १९८४ मध्ये आले. खोली मिळाल्यावरही वर्गात आणि शाळेच्या सहलीत वेगळेपण कसे उरते याचे इतके थेट चित्रण शिक्षणखात्याच्या कोणत्याही अहवालात सापडणार नाही.

उजनी धरण १९८० मध्ये पुरे झाले, आणि करमाळा व माढा भागांतील भीमाकाठची जी गावे पाण्याखाली गेली त्यांच्या शाळाही गेल्या. दुसऱ्या बाजूने कालव्याच्या पाण्याने ऊस आला, आणि उसाबरोबर शेतातच घर बांधून राहणारी वस्ती वाढली. गावठाणातली शाळा अशा वस्तीपासून दूर पडली. १९८७ मध्ये सुरू झालेल्या खडू-फळा योजनेने प्रत्येक शाळेला निदान दोन खोल्या आणि दोन शिक्षक असावेत असे ठरविले, म्हणजे एकशिक्षकी शाळा कागदोपत्री संपवली. आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी वस्तीशाळांच्या योजनेने तिलाच पुन्हा वेगळ्या नावाने जन्म दिला. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी कारखान्यांच्या तळावर साखरशाळा निघाल्या, हंगामापुरत्या, आणि जागेच्या दृष्टीने पाहता त्या पंतोजीच्या फिरत्या शाळेच्या सर्वांत जवळ जातात.

माढा तालुक्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषदेची शाळा या साऱ्या इतिहासाची अलीकडची खूण आहे. रणजितसिंह डिसले २००९ मध्ये तेथे रुजू झाले तेव्हा गोठा आणि साठवणीची खोली यांच्या मध्ये असलेली पडकी इमारत म्हणजे शाळा होती. गावातील अनेक मुलांची घरची भाषा कन्नड आणि पुस्तक मराठी, हा प्रश्न त्यांनी पुस्तकात क्यूआर कोड घालून, म्हणजे मोबाइलने वाचता येणारी चौकोनी खूण छापून आणि तिच्यामागे ध्वनी व चित्रे ठेवून, सोडवण्याचा प्रयत्न केला. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत असे कोड आले. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाल्याचे जाहीर झाले, आणि दहा लाख डॉलरच्या बक्षिसातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. प्रसिद्धीचा झोत स्वाभाविकच त्या क्यूआर कोडवर पडला. इतिहासकाराला त्याहून अधिक लक्षणीय वाटावी अशी गोष्ट म्हणजे २००९ साली, लोकल फंडाच्या पट्टीला जवळजवळ दीडशे वर्षे होत आलेली असताना, शाळा अजूनही गोठ्याला लागून होती.

त्याच काळात शिक्षणहक्क कायदा आला. १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आहे, आणि महाराष्ट्राच्या नियमांनुसार प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत असली पाहिजे. पट मात्र घसरत गेला. जन्मदर कमी झाला, आणि ज्याला शक्य झाले त्याने मुलांना तालुक्याच्या गावी इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवले. दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेहून अधिक शाळा बंद करून मुले जवळच्या शाळेत पाठविण्याचा निर्णय २०१७ च्या अखेरीस जाहीर झाला, आणि २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव जिल्ह्यांकडून मागविण्यात आले. वस्तीवरून समूह शाळेपर्यंत मुलांना नेणाऱ्या गाडीचा खर्च कोणी उचलायचा, हा वाद ग्रामपंचायत, जिल्हा परिषद आणि कारखान्यांचे सामाजिक निधी यांच्यात सुरू झाला. आणि १८५० च्या दशकात पगाराच्या अर्ध्या वाट्यावरून गाव व सरकार यांच्यात चाललेला वाद ज्यांनी वाचला आहे त्यांना त्यातली कोणतीच बाजू नवी वाटणार नाही.